बडोद्यातल्या इलेक्ट्रिक पिकअपवर ५ केव्हीएचा इन्व्हर्टर: कामाच्या नोंदी

३ एप्रिल २०२५

हौद्यातला जुना ८५० व्हीएचा इन्व्हर्टर काढायचा आणि साइटवर वेल्डिंग करता येईल असा सेट बसवायचा, हे आज नक्की केलं.

आमचा गाळा मकरपुरा जीआयडीसीत. ग्रिल, गेट, रोलिंग शटर, जिन्याचे कठडे ही कामं. कापणं-जोडणं जमेल तेवढं गाळ्यातच उरकतो, पण शेवटचं फिटिंग जागेवरच करावं लागतं आणि तिथे विजेची बोंब. नव्या बांधकामावर मीटर लागलेला नसतो. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत मीटर असतो, पण भिंतीतली वायर इतकी बारीक की वेल्डिंग मशीन लावल्याबरोबर फ्यूज उडतो. म्हणून आजवर पेट्रोलचा जनरेटर भाड्याने आणत होतो. पोळमधल्या (जुन्या शहरातल्या दाट वस्तीतल्या) अरुंद गल्लीत जनरेटर चालू केला की धूर आणि आवाज दोन्ही लोकांच्या घरात शिरतात. गाडी विजेवरची घेतली आणि तिच्या शेजारी पेट्रोलचं इंजिन धडधडतंय, हे मला पहिल्यापासून खटकत आलंय.

सोबत नेतो ती यंत्रं अशी: ४ इंची ग्राइंडर ८५० वॉट, हॅमर ड्रिल ८०० वॉट, १४ इंची कट-ऑफ मशीन २२०० वॉट आणि आयजीबीटीचं (हलकं, इलेक्ट्रॉनिक) २०० अँपियरचं वेल्डिंग मशीन. सध्याच्या सेटमध्ये १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी आणि घरगुती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे. त्यावर ड्रिल चालतं; ग्राइंडर गुरगुरतो, तापतो आणि जोर दिला की बंद पडतो. उरलेल्या दोन यंत्रांचा तर प्रश्नच नाही.

६ एप्रिल

धाकट्या भावाने विचारलं, "दादा, खाली एवढी मोठी बॅटरी आहे, मग वर दुसरी कशाला चढवायची?"

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग पिकअपला ही सोय कंपनीतूनच दिलेली: साध्या मॉडेलला २.४ किलोवॉट, वरच्याला ९.६ किलोवॉट, त्यातले ७.२ केबिन आणि मागच्या हौद्यातल्या सॉकेटांवर. आपल्याकडे ह्युंदाईच्या आयोनिक ५ मधून ३.६ किलोवॉट बाहेर काढता येतात. पण या सगळ्या सोयी गाडीची आखणी करतानाच ठरलेल्या असतात. आमच्या पिकअपमध्ये तशी सोय नाही, आणि ती बाहेरून करायला मी हात लावणार नाही. कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा वाद नको.

मेन बॅटरीची दोन्ही टोकं गाडीच्या सांगाड्यापासून अलग ठेवलेली असतात. किती अलग, याला नियम आहे: डीसी बाजूला दर व्होल्टला किमान १०० ओहम. गाडीचा कंट्रोलर हे इन्सुलेशन तपासत राहतो आणि ते घसरलं की इशारा देतो किंवा मेन कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) उघडतो. मेन बॅटरीच्या नारिंगी केबलवर बाहेरचा इन्व्हर्टर जोडला आणि त्याच्या आत ट्रान्सफॉर्मर नसला, तर साइटवरचा ओला एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा मेन बॅटरीच्या इन्सुलेशनचा भाग होऊन बसतो. म्हणजे ग्राइंडरची दोरी चिखलात पडली की गाडी बंद. हा त्यातल्या त्यात बरा शेवट. वाईट शेवटात माणूस मध्ये येतो. वॉरंटी जाते ती वेगळीच. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात नोंदलेल्या गोष्टींशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाहीत.

मग १२ व्होल्टची छोटी बॅटरी? ती दिवे, वायपर आणि कंट्रोलरसाठी. ती बसली तर मेन कॉन्टॅक्टर ओढायलाच वीज उरत नाही. खाली बॅटरी भरलेली असून गाडी जागची हलत नाही. तिच्यावर ३ किलोवॉट टाकायचा विचारही नको.

तेव्हा ठरलं: बॅटरी वेगळी, इन्व्हर्टर वेगळा, सगळं एका लोखंडी फ्रेममध्ये, आणि ती फ्रेम हौद्याच्या मूळ बांधणीच्या कड्यांना आवळलेली. गाडीत एकही भोक नाही, गाडीच्या वायरिंगला एकही जोड नाही. चार बोल्ट सोडले की फ्रेम खाली.

१२ एप्रिल

आज व्होल्टेज आणि इन्व्हर्टरची जात ठरवली.

३ किलोवॉटचा भार, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर बॅटरीकडून ३.३ किलोवॉट ओढले जातात. १२.८ व्होल्टच्या बॅटरीवर ते २६० अँपियर होतात, ५१.२ व्होल्टवर ६५. केबलमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे चौपट करंटाला सोळापट उष्णता. १२ व्होल्टचा विषय इथेच संपतो. घेतोय ती लिथियम फेरो फॉस्फेटची १६ सेलची पेटी, ५१.२ व्होल्ट १०० एएच, म्हणजे साधारण ५ युनिट.

इन्व्हर्टर दोन जातींचे मिळतात. हाय-फ्रीक्वेन्सीचे हलके आणि स्वस्त; एका हाताने उचलून नेता येतात. लो-फ्रीक्वेन्सीचे, आत मोठा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर असलेले, दोन माणसांनी उचलायचे. मी दुसरी जात घेतोय, ५ केव्हीए, ४ किलोवॉट, प्युअर साइन (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा). वजन ३८ किलो. हौद्यात दर किलोचा हिशेब असतो हे खरं, पण दोन गोष्टी मला सोडवत नाहीत. ट्रान्सफॉर्मरमुळे मोटर सुरू होतानाचा झटका काही सेकंद दुप्पट भारापर्यंत झेलला जातो. आणि बॅटरीची बाजू व २३० व्होल्टची बाजू यांच्यात तांब्याचा एकही थेट दुवा राहत नाही, म्हणून न्यूट्रल माझ्या मर्जीने अर्थ करता येतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या बऱ्याच स्वस्त इन्व्हर्टरांत बाहेर येणाऱ्या दोन्ही तारा अर्ध्या-अर्ध्या जिवंत असतात. त्यातली एक सांगाड्याला बांधली तर इन्व्हर्टरच जातो. अर्थिंगबद्दल सविस्तर नोंद त्या कामाच्या दिवशी.

२४ एप्रिल

केबलचा दिवस. ३५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल मागवली होती, लग (टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून तयार सेट. हातात घेतल्यावर वजन कमी वाटलं. टोकाची एक तार ब्लेडने खरवडली: वर तांबूस, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. बिलावर "कॉपर" लिहिलेलं. माल परत केला. दुकानदार म्हणाला की सगळे हेच नेतात. नेत असतील. अशा तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीपेक्षा जास्त, आणि ॲल्युमिनियम लगमध्ये दाबलं की काळाने सैल पडतं. गाडीच्या हादऱ्यांत तर लवकरच.

बाबांच्या जुन्या ओळखीतल्या वाइंडिंगवाल्या काकांकडून खरी तांब्याची केबल मिळाली. प्रत्येक तार केसाएवढी बारीक आणि मऊ. लग त्यांच्याच हायड्रॉलिक क्रिंपरवर दाबले. काका एक लग दाबून करवतीने मधोमध कापून दाखवतात: आत तारांची जाळी दिसायला नको, तांब्याचा भरीव गोळा दिसायला हवा. आमच्या मापाच्या लगचा नमुना कापला, भरीव निघाला, मग बाकीचे दाबले.

हिशेब: जाऊन-येऊन २.४ मीटर केबल, रोध साधारण १.२ मिलिओहम. ९० अँपियरला ०.११ व्होल्टची घट. ५१ व्होल्टमध्ये ही काहीच नाही.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

बॅटरीची पेटी आज घरी आली. आईने हळद-कुंकू वाहिलं, मग गाळ्यावर नेली. ४८ किलो. सोळाही सेलचे व्होल्टेज बीएमएसच्या (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटच्या) ॲपवर पाहिले, ३.२९ ते ३.३०. फरक एवढाच, म्हणजे सेल जुळवून घेतलेले आहेत.

बीएमएसची हद्द: सलग १०० अँपियर. १५० च्या वर गेलं की सेकंदाच्या आत कापतो. हे आकडे फ्रेमच्या झाकणावर ऑइल पेंटने लिहिले, कारण पुढचे सगळे निर्णय यांच्यावरच अडणार.

४ मे

फ्यूज आणि प्रीचार्ज.

या बॅटरीची दोन टोकं पान्याने चुकून जोडली गेली तर काही हजार अँपियर वाहू शकतात. साध्या गाडीचा पट्टीफ्यूज एवढा करंट तोडू शकत नाही. पट्टी वितळते पण ठिणगीची कमान जळत राहते. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून कमान विझते, डीसीत ती विझायला संधीच नाही. त्याच कारणाने घरातला एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) डीसी बाजूला लावायचा नाही. मी डीसी रेटिंग छापलेला १२५ अँपियरचा एचआरसी (मोठा करंट तोडू शकणारा) फ्यूज घेतला, पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर. फ्यूजच्या आधीची वीतभर केबल उघडी पडू नये म्हणून तिच्यावर जाड रबरी नळी.

इन्व्हर्टरच्या आत डीसी बाजूला मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना बॅटरी थेट जोडली तर क्षणभर शॉर्टसारखाच करंट जातो: टर्मिनलवर ठिणगी, आणि बीएमएस शॉर्ट समजून बंद. उपाय सोपा आहे. मेन आयसोलेटरला (बॅटरी तोडायच्या मोठ्या स्विचला) समांतर एक पुशबटन आणि ४७ ओहम, ५० वॉटचा ॲल्युमिनियमच्या कवचातला रोध. बटन दाबलं की जेमतेम एक अँपियरने कपॅसिटर भरू लागतात. शेजारी छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावला आहे; आकडा शून्यावरून पन्नाशीकडे चढताना दिसतो. ५० दिसले की आयसोलेटर फिरवायचा. ठिणगी नाही, आवाज नाही. कारागिराकडून हे करून घेतलं. तो म्हणाला, "भाई, हे तर लिफ्टच्या मजल्यांसारखं आहे, आकडा आला की दार उघडायचं." त्याला कळलं, म्हणजे सगळ्यांना कळेल.

१३ मे

अर्थिंग. या कामाचा जीव इथे आहे, म्हणून सावकाश लिहितो.

इन्व्हर्टरमधून फेज आणि न्यूट्रल निघतात. आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्ही जमिनीपासून आणि गाडीच्या सांगाड्यापासून तरंगत्या. मल्टिमीटरने मोजलं तर फेज ते बॉडी शंभराच्या आसपास, न्यूट्रल ते बॉडीही तसंच काहीतरी. खरं व्होल्टेज नाही हे. मीटरच्या सुया भुतं दाखवतात.

आता ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (गेलेल्या आणि आलेल्या करंटात फरक पडला की वीज तोडणारा स्विच) लावली. तिचं टेस्ट बटन दाबलं, खट्‌ करून पडली. इथे बहुतेक जण समाधानाने उठतात. पण टेस्ट बटन आरसीसीबीच्या आतच एका बाजूच्या फेजवरून दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलला थोडा करंट देतं. त्याला बाहेरच्या अर्थिंगशी देणंघेणं नाही. खरी परीक्षा मी अशी घेतली: ६.८ किलोओहम, १० वॉटचा रोध, एक टोक सॉकेटच्या फेजला, दुसरं सॉकेटच्या अर्थ पिनला. यातून ३४ मिलिअँपियर जायला हवेत आणि आरसीसीबी पडायला हवी. काहीच झालं नाही. रोध गारच राहिला. कारण करंटाला परत इन्व्हर्टरकडे यायला वाटच नव्हती.

यात धोका कुठे? पहिल्या दोषाला काही होत नाही, म्हणून तो कुणाला कळतही नाही. समजा ग्राइंडरच्या दोरीतली न्यूट्रल आत कुठेतरी धातूला टेकली. काम सुरूच राहतं. महिन्याभराने दुसऱ्या यंत्राची फेज बॉडीला टेकली, की एका हातात एक यंत्र आणि दुसऱ्या हातात दुसरं असलेल्या माणसाच्या छातीतून पूर्ण २३० व्होल्ट जातात. आरसीसीबी तेव्हाही गप्प बसू शकते, कारण गेलेला आणि आलेला करंट दोन्ही तिच्यातूनच फिरलेला असतो.

म्हणून इन्व्हर्टरच्या आउटपुटलाच, आरसीसीबीच्या आधी, न्यूट्रल सांगाड्याला बांधली. ६ स्क्वेअर एमएमची हिरवी-पिवळी तार, फ्रेमवरचा रंग घासून चकचकीत केलेल्या जागी दातेरी वॉशर घालून बोल्ट. सगळ्या सॉकेटांच्या अर्थ पिना त्याच बोल्टवर. फ्रेमपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत वेगळी वेणीदार पट्टी, मूळच्या कड्याच्या बोल्टखाली. आता फेज ते बॉडी २३०, न्यूट्रल ते बॉडी शून्य. तोच रोध पुन्हा लावला: टेकवायच्या आधी आरसीसीबी पडली असं वाटावं इतक्या झटक्यात पडली. तिन्ही सॉकेटांवर हीच परीक्षा केली.

आरसीसीबी टाइप ए घेतली आहे, साधी एसी टाइप नाही. वेल्डिंग मशीनच्या आत आधी रेक्टिफायर असतो, त्यातून गळणारा करंट अर्धवट डीसी असू शकतो आणि एसी टाइपला तो नीट दिसत नाही.

दोन नियम यातून निघाले.

पहिला: गाळ्यावरची वीज या सेटमधून थेट पुढे सॉकेटांवर जाणार नाही. वीज कंपनीची न्यूट्रल आधीच अर्थ केलेली असते. इथेही बांधलेली राहिली तर न्यूट्रलचा करंट अर्थिंगच्या तारेतून फिरू लागतो. म्हणून गाळ्याच्या प्लगवर फक्त चार्जर. इन्व्हर्टरचं इनपुट टर्मिनल रिकामं आणि त्यावर टेप.

दुसरा: गाडीला टेकलेल्या वस्तूवर वेल्डिंग नाही. हौद्यात ठेवलेल्या गेटवर तर अजिबात नाही. वेल्डिंगचा ७५-१०० अँपियरचा करंट जॉबवरून क्लॅम्पमार्गे मशीनकडे परततो. क्लॅम्प सैल असला आणि जॉब गाडीला टेकलेला असला, तर तो करंट सांगाड्यातून, बेअरिंगमधून, गाडीच्या सेन्सरच्या अर्थिंगमधून वाट शोधतो. मशीन खाली जमिनीवर रबरी चटईवर, क्लॅम्प जॉबवर रॉडच्या जवळ, जॉब गाडीपासून दूर. ५१.२ व्होल्टच्या बॅटरीचं निगेटिव्हही सांगाड्याला जोडलेलं नाही, तेही याचसाठी.

१८ मे

कट-ऑफ मशीन. क्लॅम्प मीटर इनरश मोडवर (सुरुवातीचा झटका मोजणाऱ्या) ठेवून आधी गाळ्याच्या विजेवर पाहिलं: सुरू होताना ४१ अँपियर, मग रिकामं फिरताना पाचच्या खाली. इन्व्हर्टरवर बॅटरी पूर्ण भरलेली असताना मशीन सुरू होतं, दिवा क्षणभर मंदावतो. बॅटरी अर्ध्यावर आली आणि सोबत ग्राइंडर चालू असला, की बीएमएस कापतो आणि सगळं गप्प. १५० ची हद्द ओलांडली जाते.

हद्द वाढवायचं सेटिंग ॲपमध्ये आहे. वाढवणार नाही. ती हद्द सेलसाठी आणि बीएमएसच्या मॉस्फेटसाठी (करंट तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचसाठी) ठेवलेली आहे.

२० अँपियरचं सॉफ्ट-स्टार्ट मॉड्यूल मिळतं, कार्बन ब्रशच्या मोटरसाठी. ते मशीनच्या हँडलमध्ये, स्विचनंतर सिरीजमध्ये बसवलं. आता सुरुवातीचा करंट १६-१७ अँपियर, आणि चकती सेकंदभरात हळूहळू वेग घेते. पकडीतला हिसकाही गेला, हा वरचा फायदा. वेग पूर्ण व्हायच्या आधी चकती लोखंडाला लावायची नाही, मॉड्यूल तापतं. कारागिरांना ही सवय लावायला थोडा वेळ द्यावा लागेल.

२५ मे

वेल्डिंग. मशीनवर "२०० अँपियर" लिहिलेलं असतं आणि लोक इन्व्हर्टरवरच्या केव्हीएशी त्याची तुलना करतात. दोन्ही आकड्यांवरून काही कळत नाही. हिशेब असा करावा.

हाताने रॉड चालवताना आर्कचं व्होल्टेज साधारण २० अधिक करंटाच्या ०.०४ पट धरतात. २.५ एमएमच्या ६०१३ रॉडला ७५ अँपियर: २३ व्होल्ट, म्हणजे सव्वासतराशे वॉट. मशीनची स्वतःची घट धरून २१०० वॉट. पण या मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या केव्हीएतला खरा कामी येणारा हिस्सा) ०.६५ ते ०.७, कारण ते करंट सलग न ओढता लाटेच्या टोकावर घोट घेतं. म्हणून इन्व्हर्टरला हा भार ३ केव्हीएच्या पुढे जाणवतो. क्लॅम्प मीटरवर १३.६ अँपियर आले, हिशेबाशी जुळले. बॅटरीकडून पन्नासच्या आसपास.

३.१५ एमएमच्या रॉडला ११० अँपियर लागतात: तोच हिशेब पावणेपाच केव्हीएवर जातो. काठावर. चालवून पाहिला, चालतो, पण इन्व्हर्टरचा पंखा थांबत नाही आणि ४० अंशांच्या उन्हात मला हे मान्य नाही. साइटवर २.५ चाच रॉड, जाड काम गाळ्यात.

वीज किती जाते याचा मला सर्वांत आनंद झाला. २.५ चा एक रॉड साधारण मिनिटभरात जळतो, म्हणजे ३५ वॉट-तास. बॅटरीतून हाताशी येणारी वीज चार युनिट. ग्रिल फिटिंगच्या दिवसाला याच्या निम्मीही लागत नाही. उलट इन्व्हर्टर रिकामा चालू ठेवला तर ट्रान्सफॉर्मर तासाला ५५-६० वॉट-तास खातो. दिवसभरात अर्धा युनिट फुकट. जेवणाच्या सुट्टीत बंद.

उष्णतेचं: दुपारी हौद्याच्या पत्र्यावर हात ठेवता येत नव्हता. फ्रेमवर दोन इंचांची फट सोडून पांढरा रंगवलेला दुसरा पत्रा टाकला, हवा मधून वाहते. इन्व्हर्टरच्या हीटसिंकचं तापमान त्यानेच ८ अंश खाली आलं. कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशाला निम्मं होतं असा जुना ठोकताळा आहे; त्या हिशेबाने हा पत्रा फार स्वस्त पडला. चार्जिंग रात्रीच, बॅटरी निवल्यावर. गाडीचा चार्जर आणि या पेटीचा चार्जर एकाच १६ अँपियरच्या सॉकेटवर बसत नाहीत, म्हणून पेटीसाठी वेगळा एमसीबी आणि वेगळी वायर टाकली.

८ जून

पोळमधलं पहिलं काम. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा जुना कठडा, खालून गंजलेला. गाडी गल्लीच्या तोंडाशी, तिथून ३० मीटर एक्स्टेन्शन, २.५ स्क्वेअर एमएमची तीन तारांची. वेल्डिंग मशीन वर गॅलरीतच नेलं, कारण लांब जायचंच तर २३० व्होल्टच्या बाजूने जावं; वेल्डिंगची जाड केबल लांबवली तर करंट तिथेच विरतो. वर सॉकेटवर मोजलं, वेल्डिंग चालू असताना ६ व्होल्टची घट. चालेल.

घरातल्या आजी दोनदा बाहेर येऊन विचारून गेल्या, "अरे, काम सुरू झालं की नाही अजून?" काम अर्धं झालं होतं. ग्राइंडरचा आवाज येतोच, पण मधल्या वेळात गल्लीत शांतता होती, आणि समोरच्या घरातलं मूल झोपलेलंच राहिलं. यासाठीच हे सगळं करत होतो.

संध्याकाळी बॅटरीत ६१ टक्के शिल्लक.

२२ जून

पंख्याच्या जाळीवरचा स्पंज काढून त्यावर चुंबक फिरवलं. केसाळ सुरवंटाएवढी लोखंडी भुकटी चिकटली. ही भुकटी वीजवाहक आहे. सर्किट बोर्डावर साचली आणि पावसाळी ओल धरली की आतल्या आत शॉर्ट. म्हणून हवा आत घेण्याची बाजू केबिनकडे वळवली, स्पंज दुहेरी केला, आणि नियम घातला की ग्राइंडिंग गाडीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. ठिणग्या गाडीच्या काचेत रुतून बारीक ठिपकेही पाडतात, ते कधी निघत नाहीत. दर रविवारी स्पंज धुवायचा.

२० जुलै

पाऊस झाल्यावरची तपासणी. इन्व्हर्टर सोडवला, न्यूट्रलची अर्थ तार काढली, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) सॉकेटांची वायरिंग सांगाड्याच्या विरुद्ध तपासली. दोन सॉकेटांवर ५० मेगओहमच्या वर. तिसऱ्यावर दीडच. उघडलं तर आत ओल आणि पितळेवर हिरवट थर. घरगुती सॉकेट झाकण लावूनही हौद्यात टिकत नाहीत. तिन्ही काढून निळी, फिरवून घट्ट बसणारी १६ अँपियरची इंडस्ट्रियल सॉकेट लावली. सगळी १०० च्या वर. न्यूट्रलची तार परत बांधली आणि रोधाची परीक्षा पुन्हा केली; तार काढली की ही परीक्षा केल्याशिवाय गाडी निघणार नाही.

लगच्या बोल्टांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या होत्या. एकही सरकलेली नाही. ५० अँपियर चालू असताना प्रत्येक जोडावरची घट मिलिव्होल्टात मोजली, सर्वांत जास्त ४.

सध्याची सेटिंग: चार्जिंग ५६.० व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवायचा व्होल्टेज) ५३.६, इन्व्हर्टर बंद ४८.० ला. इन्व्हर्टर लेड-ॲसिडच्या सेटिंगवर आला होता, त्याचा ४२ व्होल्टचा कट-ऑफ या सेलना फार खाली पडतो आणि इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सेल जुळवणं) तर बंदच हवं.

एका वेळी काय चालेल, हे झाकणावर लिहिलं: वेल्डिंग एकटं, कट-ऑफ एकटं, ग्राइंडर आणि ड्रिल एकत्र, वर दिवे.

२७ ऑगस्टला गणपती बसतील. मांडवांच्या कमानींची कामं आता रोज येतायत आणि त्यांना पूर्ण दिवस साइटवर राहावं लागेल, म्हणून दुसरी तशीच पेटी घेतोय. दोन्ही पेट्या आधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करायच्या, व्होल्टेज दशांशापर्यंत जुळलं की मगच समांतर जोडायच्या, नाहीतर भरलेली पेटी रिकामीत धो धो ओतते. प्रत्येकीला स्वतःचा एचआरसी फ्यूज, आणि दोघींच्या केबलची लांबी सारखी, म्हणजे भार दोघींवर सारखा पडेल.